धाकट्याचं आमेन

आमच्या चर्चच्या दारावर आतल्या बाजूनं एक पितळी पाटी आहे. तिच्यावर दोनच वाक्यं आहेत. ‘मंडळीतील सर्वांत धाकट्याने शेवटचे आमेन म्हटल्यावाचून दार उघडू नये. ज्याने आमेन म्हटले तो धाकटा.’ खाली एकशे बारा वर्षांपूर्वीची तारीख आहे.

ही पाटी पहिल्या पाळकांनी लावली. त्यांचा विचार सरळ होता. उपासना लांबली की सगळ्यांत आधी लहान मूल कंटाळतं. मग संपवायचा अधिकार त्यालाच देऊन टाकला की बोलणारा आपोआप आवरतं घेतो. माणूस हुशार असणार. फक्त एखाद्या मंडळीत मुलं यायचीच बंद होतील, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

आमच्याकडे शेवटचा बाप्तिस्मा झाला तो माझा. त्यानंतर बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडात लोक छत्र्या ठेवायला लागले. मी चार वर्षांचा झाल्यावर मला वेदीसमोरच्या छोट्या खुर्चीवर बसवलं आणि आमेन माझ्याकडे सोपवलं. आता मी एकोणतीस वर्षांचा आहे. खुर्ची तीच आहे.

खुर्ची दीड वीत उंच आहे. तिच्यावर बसलो की माझे गुडघे कानांना लागतात, त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी उपदेश गुडघ्यांच्या फटीतूनच बघतो आहे. मला दाढी आहे, तरी उपासना संपल्यावर रांगेनं सगळे माझा गालगुच्चा घेतात. मंडळीत आम्ही एक्केचाळीस जण. सरासरी वय एकाहत्तर. मला वगळलं तर बहात्तर. सगळे मला ‘बाळ’ म्हणतात.

सोमवार ते शनिवार मी लिफ्ट दुरुस्त करतो. तिथे लोक बंद दारामागून मला ‘साहेब, लवकर काढा हो बाहेर’ असं म्हणतात. रविवारी तेच लोक मला पेपरमिंटची गोळी देतात.

एकोणिसाव्या वर्षी मी राजीनामा दिला होता. मंडळीच्या कमिटीनं त्यावर तीन बैठका घेतल्या आणि कळवलं, की राजीनामा देण्याचा हक्क फक्त मोठ्या माणसांना आहे, सबब बाळाने मोठे झाल्यावर पुन्हा अर्ज करावा. बाळ मोठा कधी होणार, तर कोणी धाकटं आल्यावर. मुलं यावीत म्हणून त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. बारा वर्षांपूर्वी चित्रं रंगवायची चाळीस पुस्तकं आणली. मुलं आली नाहीत, पुस्तकं वाया जाऊ नयेत म्हणून ती मी रंगवली. तेव्हा माझी बारावी चालू होती.

हे सगळं मी आणखी पंचवीस वर्षं निमूट चालवलं असतं. पण यंदा माझं लग्न ठरलं, आणि त्यातच सगळं अडलं.

मुलगी नर्स आहे. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी आहे, म्हणजे तिचा या बाबतीत काही उपयोग नाही. तिची आई मुलगा बघायला एका रविवारी चर्चमध्येच आली. दीड तास माझ्या गुडघ्यांकडे बघत बसली, मग गालगुच्च्यांची रांग बघितली आणि जाताना माझ्या आत्याला म्हणाली, “मुलगा छान आहे हो. पण अजून लहान आहे.”

त्यात पाळकसाहेबांनी नवीनच अडचण काढली. “बाळ, लग्न लावताना तू माझ्यासमोर उभा असणार. आणि आमेन म्हणायला खुर्चीत बसलेला असणार. एकाच वेळी दोन्हीकडे तू कसा असशील?”

“उभ्यानं म्हणतो ना.”

“एकशे बारा वर्षांत कोणी उभ्यानं म्हटलेलं नाही,” ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

लग्नाची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. हॉल ठरला होता, हॉलचा माणूस रोज फोन करत होता. आणि त्या रविवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी मागचं दार ढकलून साडेतीन वर्षांची एक मुलगी आत आली.

तिच्यामागे आई-बाप होते, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. आत्या पायपेटी वाजवत होती, तिचे पाय थांबले आणि पेटीतून जीव गेल्यासारखा आवाज निघाला. पाळकसाहेबांनी वाचत असलेलं पान उलटलं, परत उलटलं, आणि पुस्तक मिटून टाकलं. एक्केचाळीस माना एकदम वळल्या. त्यातल्या निदान सहा कटकन वाजल्या.

“किती दात?” दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शेजारणीला हळूच विचारलं. त्या निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती.

“सगळे दिसताहेत.”

“दुधाचे!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी रुमाल काढला.

आई-बाप गेल्याच आठवड्यात या भागात राहायला आले होते. आई शहर बसवर ड्रायव्हर. बाप रंगारी, त्याच्या कानाच्या पाळीला पांढरा रंग लागलेला होता. मुलीला घरी मुंगी म्हणतात, असं आईनं सांगितलं. त्यांना बसायला जागा देण्यासाठी नऊ बाक रिकामे झाले.

“तुमच्याकडे लहान मुलं आहेत ना?” आईनं विचारलं. “तिला सोबत होईल.”

“आहे ना. आमचा बाळ आहे,” आत्या म्हणाली.

“अय्या, कुठंय?” आई कुठे पाळणा दिसतो का ते बघायला लागली. मी खुर्चीतून हात वर केला. तिनं मुंगीला जरा जवळ ओढलं.

पाळकसाहेबांनी स्वतः खाली येऊन मुंगीला विचारलं, की या खुर्चीवर बसशील का. ती म्हणाली, “तो उठला की.” मी उठलो. पंचवीस वर्षांनी मी उपासनेत पहिल्यांदाच बाकावर बसलो. पाठ टेकायला मागे लाकूड होतं. लोक एवढ्या सुखात उपदेश ऐकतात याची मला कल्पनाच नव्हती. त्या रविवारी नर्सही आली होती. दोन बाक मागे बसून तिनं मला अंगठा दाखवला. सगळं मार्गी लागलं होतं. फक्त शेवटी मुंगीनं एक शब्द म्हणायचा बाकी होता.

दाराला कुलूप लावायचं काम किल्लीवाल्या आजोबांकडे आहे. वाऱ्यानं दार आपटतं म्हणून ते आतून कुलूप घालतात आणि आमेन कानावर पडलं की उघडतात. वय त्र्याऐंशी. किल्ली गळ्यात. त्यांनी कुलूप घातलं.

पाळकसाहेबांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट घेतली. ती ते दरवर्षी घेतात आणि दरवर्षी आमच्यातले अर्धे लोक मेंढरू हरवायच्या आधीच झोपतात. मुंगी मात्र हनुवटीखाली दोन्ही हात ठेवून ऐकत होती. मेंढरू सापडलं तेव्हा ती एवढ्यानं ओरडली, की तिसऱ्या बाकावरच्यांचं कानातलं मशीन निघून पडलं. साडेदहाला गोष्ट संपली, प्रार्थना झाली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि मग शेवटच्या आमेनसाठी शांतता झाली.

मुंगीनं आमच्याकडे बघितलं. आम्ही मुंगीकडे बघितलं.

“म्हण बेटा,” पाळकसाहेब म्हणाले. “आमेन.”

“नको,” मुंगी म्हणाली.

सगळे कौतुकानं हसले. लिफ्ट बंद पडते तेव्हाही लोक आधी हसतात. माझ्या धंद्यात याला पहिली दहा मिनिटं म्हणतात. त्यानंतर प्रत्येक जण बटण दाबून बघतो.

इथेही तेच झालं. एकेक जण पुढे येऊन बटण दाबायला लागला. आत्या म्हणाली, “माझ्या मागून म्हण हं. आ...” मुंगी म्हणाली, “आ,” आणि थांबली. डॉक्टरीणबाई लगबगीनं आल्या आणि उघडं तोंड मिळालं म्हणून आधी दात बघून घेतले. कोणीतरी पेपरमिंट दिलं. ते तोंडात असेपर्यंत बोलता येईना, म्हणून सगळे ते विरघळायची वाट बघत बसले. विरघळल्यावर तिनं दुसरं मागितलं. मग कोणाला तरी सुचलं की तिला शब्द नीट ऐकू आला नसेल, म्हणून चाळीस जणांनी आळीपाळीनं उभं राहून एकेकदा आमेन म्हणून दाखवलं. मी तेवढा गप्प बसलो, कारण पाटीवरचं दुसरं वाक्य मला पाठ होतं. मुंगीनं प्रत्येकाला टाळ्या वाजवल्या.

“पण मग आता चाळीस जण धाकटे झाले का?” रंगारी बापानं झोपेतून जागं होऊन विचारलं. किल्लीवाले आजोबा पाटीजवळ जाऊन ती पुन्हा वाचून आले. “ते नमुन्यादाखल होतं,” त्यांनी निकाल दिला. “नमुना धरत नाहीत.”

साडेअकरा झाले.

आईचा चेहरा लालबुंद झाला होता. “मुंगे, म्हण म्हणते ना! सगळे खोळंबलेत. हे बघा, सॉरी हं, घरी अशी नाही करत ती. तिला सवय नाही. आम्ही असं करतो, आम्ही निघतोच.”

“कसं निघणार?” किल्लीवाले आजोबा म्हणाले. “आमेन कुठं झालंय?”

“अहो, पण ती म्हणत नाहीये म्हणूनच निघतोय!”

“म्हणाली की निघा.”

आई मटकन खाली बसली. पुढच्या रविवारी ही माणसं इकडे फिरकणार नाहीत, हे सगळ्यांना तिच्या बसण्यावरून कळलं. खिडक्या उंच आहेत, त्यातून कोणी जाऊ शकत नव्हतं. शिवाय आमेनच्या आधी निघून जाणारा मंडळीतला पहिला माणूस व्हायची कोणाची तयारी नव्हती. मागच्या बाजूला संडास आहे, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

बारा वाजता लोक आपापली दुखणी सांगायला लागले. लिफ्टमध्ये ही पायरी चाळीस मिनिटांनी येते, आमच्या वयाच्या मानानं मंडळीनं चांगलंच ताणलं होतं. पाऊणला पिशव्यांमधून बिस्किटं निघाली. कोणीतरी सफरचंद कापलं आणि एक्केचाळीस फोडी करायच्या प्रयत्नात त्याचा मुरंबा केला.

मुंगी सफरचंद खात पाळकसाहेबांपाशी गेली. “मेंढीचं नाव काय?”

“कुठल्या?”

“हरवली ती.”

पाळकसाहेबांनी पुस्तक उघडून ती ओळ शोधली. चौतीस वर्षं ते ही गोष्ट सांगत होते. “नाव... नाव दिलेलं नाही बेटा.”

“मग तो तिला हाक कशी मारत होता?”

दहा मिनिटांत कमिटीची तातडीची सभा भरली. किल्लीवाले आजोबा म्हणाले, नावाची भानगड नको, शंभर नंबर द्या. डॉक्टरीणबाईंनी ‘ढवळी’ सुचवलं. मतदान झालं. ढवळीला तेवीस, शंभर नंबरला सतरा, एक मत बाद, कारण देणाऱ्यानं चिठ्ठीवर आपल्या पायाच्या गोळ्यांची नावं लिहिली होती. निकाल मुंगीला अदबीनं कळवण्यात आला.

“आता म्हणतेस?” आत्यानं विचारलं.

“नको.”

दीड वाजता नर्स माझ्या शेजारी येऊन बसली. “मला तीनला ड्युटी आहे.”

“माहितीये.”

“फोन केला मी. अडकलेय म्हटलं. तर सिस्टर विचारते, लिफ्टमध्ये का? होणाऱ्या नवऱ्याला बोलव की. म्हटलं, तोही आतच आहे.” तिनं माझ्याकडे बघितलं. “तू म्हणून टाक ना.”

“मी म्हटलं तर मी परत धाकटा.”

“किती दिवस?”

“मागच्या वेळी पंचवीस वर्षं लागली.”

तिनं बोटांवर हिशेब केला. “आईनं काल तुझ्यासाठी कपडे बघितले लग्नाचे. दुकानदाराला म्हणाली, लहान मुलांचे कुठे ठेवलेत.” मग उठून उभी राहिली. “नको म्हणूस. मी सांगते फोन करून.”

पण तोवर बाकीचेही त्याच विचारावर आले होते. कुजबूज बाकाबाकांवरून पुढे सरकत गेली आणि शेवटी चाळीस जण माझ्याकडे बघत होते. पाळकसाहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांना माझ्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

“बाळ, आजच्यापुरतं तू म्हण. तुझं आमेन किती सुरेख असतं. पुढच्या वेळी आपण परत तिला...”

“त्या पुढच्या वेळी येणारच नाहीत, साहेब.”

“खरंय,” मुंगीची आई मागून म्हणाली. “नाहीच येणार. आमच्यामुळे एवढ्या माणसांना ताप.”

म्हणजे एका शब्दात सगळेच घरी गेले असते. मी माझ्या खुर्चीत, मुंगी दुसरीकडे कुठेतरी, आणि नर्सची आई लहान मुलांच्या दुकानात. माझ्या जिभेच्या टोकावर तो शब्द होता. पंचवीस वर्षांची सवय, तो आपोआपच येतो. कधीकधी कामावर लिफ्टचं दार बंद झालं की मी म्हणून जातो.

मी उठलो आणि मुंगीच्या खुर्चीजवळ जाऊन फरशीवर बसलो. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की आम्ही आधी खुशाली विचारतो, मग दार का उघडत नाही ते बघतो. माणसं उलटं करतात. इथे साडेतीन तासांत एकालाही विचारायचं सुचलं नव्हतं.

“काय गं, बरी आहेस ना?”

“हो.”

“मग आमेन का म्हणत नाहीस?”

मुंगीनं आधी आजूबाजूला बघितलं, आणि मग मला काहीच कळत नाही अशा आवाजात सांगितलं, “म्हटलं की संपतं.”

“मग संपू दे की.”

“मला नाही संपवायचं.”

ती हळूच बोलली होती, पण चर्चमध्ये आवाज घुमतो. पाळकसाहेबांनी बाकाचा कठडा धरला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, उलटा घातला. “काय म्हणाली?” त्यांनी विचारलं. “परत सांगा. काय म्हणाली?”

“संपवायचं नाही म्हणाली.”

“माझी उपासना?”

“तुमचीच.”

चौतीस वर्षांत त्यांच्या उपासनेबद्दल असं कोणी म्हणालं नव्हतं. त्यांच्या बायकोनंही नव्हतं. ते उठले, मुंगीसमोर गेले आणि गुडघे टेकायला लागले. मध्येच कमरेत उसण भरली, त्यामुळे अर्ध्यातच थांबून बोलले, “काय करूया मग आपण, ताई?”

“परत मेंढीची गोष्ट,” मुंगी म्हणाली. “पण खरी.”

“खरी म्हणजे?”

“मेंढ्या पाहिजेत.”

मंडळीनं एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं होतं, आता कोणीतरी म्हणणार की हे अति झालं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी पर्स बाकावर ठेवली, बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या आणि चार पायांवर झाल्या. “बें,” त्या म्हणाल्या. वयाला न शोभेलसा त्यांचा आवाज फारच चांगला लागला.

त्यानंतर काही राहिलं नाही. ज्यांना वाकता येत होतं ते वाकले. ज्यांना येत नव्हतं ते उभ्या मेंढ्या झाले. चाक-खुर्चीवाल्या दोघी म्हणाल्या, आम्ही दूरच्या मेंढ्या. पाहिजे होत्या नव्याण्णव, पण आत्या म्हणाली की आम्ही जाड मेंढ्या आहोत, एकेकीला अडीच धरा. तिनं पायपेटीवर असं काही सुरू केलं, जे गेल्या एकशे बारा वर्षांत त्या पायपेटीनं ऐकलं नसेल. पायपेटी ते आवडल्यासारखी हलत होती. रंगारी बाप कुत्रा झाला. बस चालवणारी आई आधी डोक्याला हात लावून बसली होती, मग बघता बघता कळपाची वाहतूक तिच्याच हातात गेली. “डावीकडून घ्या, डावीकडून! मागच्यांनी अंतर ठेवा! आजी, वळताना हात दाखवा!”

किल्लीवाले आजोबा जागेवरून हलले नाहीत. “मी दार आहे,” ते म्हणाले. “कोंडवाड्याला दार लागतंच.”

“आणि ढवळी कोण?” पाळकसाहेबांनी विचारलं. मेंढपाळाची काठी म्हणून त्यांनी मुंगीच्या हातात कुंडातली एक छत्री दिली होती.

मुंगीनं छत्री माझ्यावर रोखली. “तू. तू हरव.”

मी वेदीमागच्या कपाटात हरवलो. जुन्या झग्यांच्या मध्ये, अंधारात, चार पायांवर. फटीतून मला चर्च दिसत होतं. बहात्तर वर्षांची सरासरी असलेला कळप बाकांमधून फिरत होता. कोणाचा बूट निघाला होता, कोणाला हसून हसून खोकला लागला होता. सबंध आठवडा पाय धरून बसणारे आमचे खजिनदार दुसऱ्या मेंढीला ढुशी देत होते. नर्स कळपाच्या कडेनं फिरत एकेका मेंढीची नाडी बघत होती आणि “चालेल, चालेल” म्हणत होती. या माणसांनी पंधरा वर्षं मुलं यावीत म्हणून प्रार्थना केली होती. मूल आल्यावर करायचं काय, हे मात्र त्या मुलालाच सांगावं लागलं.

“ढवळे!” मुंगी हाका मारत होती. “ढवळेऽऽ!” तिनं बाकांखाली बघितलं, कुंडात बघितलं, पायपेटीच्या मागे बघितलं. हाकेतला आवाज हळूहळू बारीक होत गेला. कळपही थांबला. “ढवळे, कुठंयस?” या वेळी ती खेळत नव्हती. तिला खरंच वाटायला लागलं होतं की मी सापडणार नाही.

मी कपाटातून “बें” केलं. दार उघडलं, आणि छत्री टाकून तिनं दोन्ही हातांनी माझी मान धरली. टायमध्ये हात अडकवला. मला ओढत बाहेर आणलं. कळपानं असा गलका केला की पितळी पाटी खिळ्यावर हलली. चार वाजले होते.

“सापडली!” मुंगी म्हणाली. “चल घरी.”

ती मला टायनं ओढत सरळ दाराशी घेऊन गेली. किल्लीवाले आजोबा आडवे उभे होते.

“उघड,” मुंगी म्हणाली.

“आमेन झाल्याशिवाय नाही.”

“ढवळीला घरी न्यायचंय. ती दमलीये.”

“नियम म्हणजे नियम,” आजोबा म्हणाले. पण किल्ली त्यांनी आधीच गळ्यातून काढून हातात घेतली होती.

मुंगीनं त्यांच्याकडे बघितलं. मग मागे वळून सगळ्या चर्चकडे बघितलं. बाकाबाकांमध्ये चार पायांवर थांबलेली, धापा टाकणारी माणसं. अर्धवट वाकलेले पाळकसाहेब. नर्सनं माझ्याकडे नाही, मुंगीकडे बघितलं आणि श्वास रोखला. मीही रोखला.

“आता उद्या पण असतं का हे?” मुंगीनं विचारलं.

“रविवारी असतं,” पाळकसाहेब म्हणाले. मग घाईनं, “पण उद्याही ठेवू. ठेवूया ना?” त्यांनी कळपाला विचारलं. कळप “बें” म्हणाला. ठराव एकमतानं मंजूर झाला.

“बरं,” मुंगी म्हणाली. छाती भरून श्वास घेतला आणि किल्लीवाल्या आजोबांच्या पोटाकडे तोंड करून, एखाद्या बहिऱ्या माणसाला पत्ता सांगावा तसं ओरडली, “आमेन!”

कुलूप उघडलं. बाहेरचं ऊन आत आलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळ्यांचे हात जमिनीवर होते.

मुंगीला टाळ्याबिळ्या काही नको होत्या. तिला मेंढी घरी न्यायची होती. माझा टाय तिच्या हातात होता, आणि तिनं मला तसंच चार पायांवर पायऱ्या उतरायला लावल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं सायकल थांबवली. मी त्याला मानेनंच नमस्कार केला. पायऱ्या अकरा आहेत, माझ्या गुडघ्यांनी मोजल्या.

आई मागून धावत आली. “मुंगे! सोड आधी! सोड काकांना!”

मी शेवटच्या पायरीवर थांबलो.

मुंगीनं टाय सोडला. आई ओशाळून म्हणाली, “लागलं नाही ना हो, काका?” मी नाही म्हणालो.

नर्स पायऱ्या उतरून आली, तिनं घड्याळ बघितलं. ड्युटी चुकली ती चुकलीच होती. तिनं माझ्या पॅन्टचे गुडघे झटकले आणि मला हात दिला.

“ऐकलंस?” मी विचारलं.

“काय?”

“काका म्हणाल्या मला.”

“हं. दाढीचा माणूस आहेस, काय म्हणणार मग?” तिनं फोन काढला. “थांब, आईला सांगू दे.”

मी उभा राहिलो. मुंगी मान वर करकरून माझ्याकडे बघत होती. मेंढी एवढी उंच असेल असं तिला वाटलं नव्हतं.